सहा मिनिटं आधी वाजलेला बँड

मागच्या महिन्यात एक तरुण मुलगा पासपोर्ट फोटो काढायला माझ्या स्टुडिओत आला होता. नांदेडात आता माझ्यासारखे स्टुडिओ फार उरले नाहीत, आणि उरलेत ते आधार कार्डाच्या झेरॉक्सवर जगतात. खुर्चीत बसायच्या आधी तो काउंटरवरचा जाड काळा अल्बम चाळायला लागला. दोन पानं उलटली, हसला, तिसरं उलटलं आणि म्हणाला, "काका, एकदम विंटेज आहे हो. पुण्यात अशा वस्तूंवर लोक तुटून पडतात. विकणार का?"

मी म्हणालो, "ह्यातलं एकही माणूस विकाऊ नाही. सरळ बस, हनुवटी खाली घे."

त्याचा फोटो जरा घाबरलेला आला. तसाच दिला मी.

तो अल्बम बशीरमास्तरांचा. इतवाऱ्यातले बँडवाले बशीरमास्तर गेल्या थंडीत गेले. चाळिसावं झाल्यावर त्यांची लेक नसीम हा अल्बम जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, "अब्बा सांगून गेले, ही वही दत्तूसेठकडं द्या. निम्म्या कविता त्यांच्या दारात झाल्यात." मी सेठबिठ कुणी नाही. पण ज्याच्या दुकानाला शटर आहे तो सेठ, असा मास्तरांचा हिशेब होता.

मास्तर अंगानं लुकडे आणि गालांनी गबदूल. आयुष्यभर क्लॅरिनेट फुंकून गाल फुगले होते ते परत जागेवर गेलेच नाहीत. त्यामुळे ते सदा रुसल्यासारखे दिसायचे आणि नवीन माणूस विचारायचा, "काही चुकलं का आमचं?" बँडचा लाल कोट त्यांनी पस्तीस वर्षं वापरला. डाव्या खांद्यावरची जर निघून गेली तेव्हा भाभींनी स्वतःच्या शालूचे काठ तिथं शिवले. मास्तर ते काठ मोठ्या ऐटीत दाखवायचे. म्हणायचे, "आमची बायको खांद्याला खांदा लावून हाय."

मुसलमानाचं घर, पण मंगलाष्टकं त्यांना भटजींपेक्षा जास्त पाठ. कोणत्या गावचा जोशी कुठं दम घेतो, कुठं ओळ खातो, सगळं ठाऊक. एखाद्या लग्नात नवखा भटजी अडला की मास्तर मांडवाबाहेरून हळूच पुढची ओळ क्लॅरिनेटवर वाजवून त्याला वाटेला लावायचे. त्यांचं एक नेहमीचं म्हणणं होतं, "सेठ, बाजा वाजवायला दम लागत न्हाई. गप ऱ्हायला लागतो."

असल्या माणसाला फोटोचा नाद लागायचं काही कारण नव्हतं. पण लातूरला एकदा वरातीसाठी गेले असताना गंजगोलाईजवळ एक म्हातारा फोटोग्राफर दुकान आवरत होता, त्याच्याकडून त्यांनी एक जुना कॅमेरा घेतला. दोन डोळ्यांचा डबा. गळ्यात अडकवायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. त्या काचेत माणसं सरळ उभी दिसतात, पण बाजू उलटतात. उजवीकडचा माणूस डावीकडे दिसतो आणि डावीकडचा उजवीकडे. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मास्तरांच्या अख्ख्या जन्माची गोष्ट ह्या एका उलट्या काचेत आहे.

नवरा-नवरीचे फोटो ते काढत नसत. "त्यांचे समदे काढतात," म्हणायचे. ते काढायचे आचाऱ्याचा, बुंदी बिघडल्यावरचा. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन वरातीच्या कडेनं चालणाऱ्या बायांचा. नवरदेवाचा घोडा सजवून झाल्यावर कोपऱ्यात बिडी ओढत बसलेल्या घोडेवाल्याचा. आणि प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईनं चार ओळींची कविता, हसवणारी. एका रोलमध्ये बारा फोटो. वर्षाला एक रोल. त्याच्यावर चैन नाही.

रोल धुवायला मास्तर माझ्याकडे यायचे. मी डार्करूममध्ये आणि ते बंद दाराबाहेर स्टुलावर. आतल्या फोटोत कोण आहे हे त्यांना पाठ असायचं, त्यामुळे मी इकडे फोटो धुवायचो आणि ते तिकडे दाराच्या फटीला तोंड लावून कविता म्हणायचे. मी हसलो की म्हणायचे, "लवकर हसले तुम्ही. म्हणजे कच्ची हाय." आणि ओळ बदलायचे. मी हसू दाबून ठेवलं तर म्हणायचे, "झोपले का सेठ?" ह्या माणसापुढे नक्की काय करावं हे मला तीस वर्षांत कळलं नाही.

आता ते लग्न. लोह्याच्या उत्तमचं, मुरूडच्या शकुंतलेशी, उत्तमच्या दारात. वैशाखातली दुपार. मी तेव्हा नुकताच स्टुडिओ थाटला होता.

बँड नेहमी मांडवाबाहेर रस्त्यावर उभा असतो. मंगलाष्टकं किती होणार हे कुणालाच माहीत नसतं, कारण भटजींची संपली की आत्या सुरू करते, आत्याची संपली की मास्तरीण मावशी स्वतः रचलेलं काढते. म्हणून एक माणूस रुमाल घेऊन उंचावर उभा करतात. शेवटचं 'सावधान' झालं की तो रुमाल हलवतो आणि बँड एकदम उसळतो. बँड वाजला म्हणजे लग्न लागलं. आतल्या माणसांनाही तेच कळतं. अक्षता पडतात, अंतरपाट खाली येतो, हार गळ्यात जातात. त्या दिवशी वीज गेली होती, भोंगा बंद. आतलं अक्षर बाहेर येत नव्हतं. सगळी भिस्त रुमालावर.

रुमालवाला मास्तरांच्या डाव्या हाताला, नवऱ्याच्या बाजूनं स्टुलावर उभा होता. उजव्या हाताला नवरीच्या पाठीशी तिचा मामा. शकुंतलेला बाप नव्हता, मामानंच वाढवलेली. मास्तर क्लॅरिनेट काखेत धरून कॅमेऱ्यात बघत होते. बँड वाजायच्या आधी लोकांची तोंडं कशी होतात, त्याचा एक फोटो त्यांना हवा होता. काचेत डावीकडे पांढरा रुमाल वर गेला. मास्तरांनी खटका दाबला, क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि मागच्या अकरा जणांनी जीव खाऊन सुरुवात केली.

रुमालवाल्यानं हात हलवलासुद्धा नव्हता. मामानं कपाळाचा घाम पुसला होता.

जोशीबुवा हात वर करकरून ओरडत राहिले, "थांबा, थांबा, अजून सहा मिनिटं आहेत!" पण ढोलताशापुढं कोण ऐकतो. अक्षता पडल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडला. नवरीनं हार घातला, नवऱ्यानं घातला. नंतर जोशीबुवांनी घड्याळ पुढं केलं, चार लोकांनी आपापल्या घड्याळात बघितलं. पण गळ्यातला हार काढून पुन्हा अंतरपाट धरणार कोण? लग्न लागलं ते लागलं. सहा मिनिटं आधी.

दुसऱ्या दिवशी मास्तर रोल घेऊन आले आणि दाराबाहेर कविता न म्हणताच बसले. फोटो धुऊन मी बाहेर आलो. अप्रतिम फोटो होता. सगळा मांडव श्वास धरून उभा, आणि उजव्या अंगाला एक मिशाळ माणूस डोळे मिटून कपाळाला रुमाल लावतोय. खूप दूरवरून चालून आलेला माणूस सावलीत पोचल्यावर पुसतो तसा. मास्तर फोटो बघत म्हणाले, "हा कुणाला दावू नका सेठ. ठेवून द्या." मी निगेटिव्हसकट पाकिटात घालून खणात ठेवला.

लोह्यात बँडचं नाव गेलं. त्या गावानं नंतर मास्तरांना कधी सुपारी दिली नाही. पण त्याचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. उत्तमची आई गयाबाई मोठी कडक बाई. घरात जे काही वाकडं व्हायचं, ते ती त्या सहा मिनिटांच्या खात्यावर टाकायची. गाय आटली, सहा मिनिटं. विहिरीची मोटार जळाली, सहा मिनिटं. हे मास्तरांच्या कानावर आलं. म्हणून लग्नाला वर्ष झालं त्या दिवशी ते एसटीनं लोह्याला गेले आणि म्हणाले, जोड्याचा फोटो काढायला आलोय, फुकट. खरं तर ते बघायला गेले होते की पोरगी बरी आहे का. तिथून दरवर्षीचा नेम पडला. रोलमधले अकरा फोटो दुनियेचे आणि एक ह्या दोघांचा.

पहिल्या वर्षी गयाबाईनं अट घातली, नवी म्हैस मधे घ्या, नाहीतर काढू नका. फोटोत म्हैस स्पष्ट आहे आणि दोन्ही बाजूंना नवरा-बायकोचा एकेक खांदा. खाली लिहिलंय:

एक वरीस झालं, दोघं हसेनात,
म्हैस मधी आली, फोटूत बसेनात.
सासू म्हणे, म्हशीला आधी घ्या,
सून हाय घरचीच, तिला कधीबी घ्या.

उत्तम बोलायचाच नाही. मुका नव्हे, पण तोंड उघडलं तर आतलं काहीतरी सांडेल अशी त्याला भीती असावी. तिसऱ्या वर्षीच्या फोटोखाली:

उत्तमरावला पुसलं, कसं काय?
मान हालवली, म्हंजे बरं हाय.
दुसऱ्या साली पुसलं, आणखी काय?
मान हालवली, म्हंजे तेच हाय.

पाचव्या वर्षी मास्तर माझ्याकडे सकाळीच आले. कोट घातलेला, काखेत अल्बम. "सेठ, शटर पाडा. लोह्याला जायचंय. गवाह पायजे." तोवर मामा वारला होता, लग्नानंतर दोनच वर्षांनी. शकुंतलेला मूल नव्हतं. आणि गयाबाईनं भावकी बोलावली होती.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात सात-आठ माणसं बसलेली. शकुंतला दाराच्या आत, पदर तोंडावर. माघारी जायला तिला मुरूडात घर उरलं नव्हतं. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

गयाबाई म्हणाली, "लगीन मुहूर्तावर लागलंच न्हाई. मंग ही सून कशी? पाच सालं झाली, पाळणा हालंना. मी पोराला दुसरी बघून राहिले. कुणाला काय म्हणायचं आसंल ते म्हणा."

मास्तर उभे राहिले. "मावशी, सहा मिनिटं आधी वाजला, खरं हाय. चूक बँडची. माझी. मी नांदेडात इतवाऱ्यात ऱ्हातो, पत्ता देतो, जोडे घेऊन या. पन बाजा मी वाजवला अन् घराभाईर ही जाणार, हा कुठला इन्साफ हाय?"

मग मास्तरांनी अल्बम उघडला, पहिलं कोरं पान उलटलं आणि फोटो दाखवत दाखवत कविता वाचायला लागले. मला वाटलं, आता मार खाणार हा माणूस, आणि बरोबर मीही. म्हशीची कविता आली. एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. दुसऱ्यानं "पुन्यांदा वाचा" म्हटलं. शेवटच्या ओळीला खुद्द गयाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि म्हणाली, "मेला बँडवाला!" उत्तमच्या मान हलवण्यावरची कविता आली तेव्हा सगळं अंगण त्याच्याकडे बघून हसायला लागलं.

मास्तरांनी अल्बम मिटला. "हे पाच सालं संगं ऱ्हायलेले दोघं कोन हायेत मावशी? लगीन लागलं न्हाई तर हे कशाचे फोटू?"

तेव्हा उत्तम उठला. मान खाली, आवाज जेमतेम. "मला दुसरी करायची न्हाई," एवढंच म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. त्याच्यापुढं मग गयाबाईचं काही चाललं नाही. भावकी चहा पिऊन उठली.

परतीच्या एसटीत मी मास्तरांना विचारलं, "तो मामाचा फोटो का नाही दाखवला? रुमाल हलला होता, हे तरी सिद्ध झालं असतं. बँडचं नाव धुऊन निघालं असतं."

"नक्को," मास्तर म्हणाले. "मावशी म्हणली असती, बघा, मुरूडवाल्याच्याच रुमालानं घात केला. पोरीला मागं एक मामा होता. त्याला मेल्यावर तरी कायकू शिव्या खाऊ द्यायच्या?" अर्धी वाट सरल्यावर ते पुन्हा बोलले. "अन् दुसरं एक हाय. मी मांडवात बघत नव्हतो सेठ. काचेत बघत होतो. बँडमास्तर कामावर असताना खेळत होता. हे कोनत्या तोंडानं सांगू?"

दोन वर्षांनी शकुंतलेला मुलगा झाला. गयाबाईनं पेढे नांदेडला मास्तरांच्या घरी पाठवले, माणसाबरोबर निरोप होता: "बँडवाल्याला म्हणावं, बारशाला वाजवायला ये, पर घड्याळ बघून." मास्तर गेले. लोह्यात त्यांनी पुन्हा वाजवलं ते तेवढंच.

शकुंतलाबाईंनी एकदा त्यांना विचारलं होतं, "मास्तर, लग्नातला आमचा एकबी फोटू कसा न्हाई हो?" मास्तरांनी बिनदिक्कत सांगितलं, "दत्तूसेठनं रोल जाळला." माझं नाव लोह्यात असं उजळलं. पुढं मी कधी तिकडे गेलो की शकुंतलाबाई चहा द्यायच्या, पण साखर कमी असायची.

मुलगा हुशार निघाला. दहावीला चांगले मार्क पडले आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याला बारावीसाठी लातूरला ठेवलं. शकुंतलाबाईही एका खोलीचं बिऱ्हाड करून त्याला भाकरी करून घालायला लातूरला. उत्तमराव आणि ढोरं लोह्यात. लग्नाचा दिवस आला तेव्हा जोडा एका जागी मिळेना. मास्तरांनी आधी लोहा गाठलं, मग दुसऱ्या एसटीनं लातूर. दोघांचे वेगवेगळे फोटो काढले, मला कापायला लावले आणि गोंदानं जोडले. उत्तमराव गोठ्यासमोर, शकुंतलाबाई कोचिंगच्या पाटीसमोर, आणि मधल्या रेघेवर दोघांचे खांदे एकमेकांना चिकटलेले.

ती तिकडं भाकरी थापून राहिली,
हा हिकडं चटणी चाटून राहिला;
गोंद लावून जोडला जोडा,
पोरगा तेवढा वाचून राहिला.

पोरगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. गयाबाई म्हातारपणानं गेली. मास्तरांचा बँड डीजेच्या भिंतींपुढं आधी बारा जणांचा सहाचा झाला, मग तिघांचा, मग फक्त कोट उरला. पण लोह्याचा नेम चुकला नाही. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, तर ह्या माणसानं नसीमच्या मोबाईलवर त्या दोघांना बोलावलं आणि त्या मोबाईलचा फोटो जुन्या डब्यातून काढला. मी धुतला तेव्हा निम्मा उजेड आणि दोन हनुवट्या निघाल्या. मी म्हणालो, हा टाकून द्या. तर मला दटावून म्हणाले, "हनुवट्या वळखू येतात ना? बस." खाली:

एवढ्या सालात पयल्यांदाच
डोक्याला डोकं लावून बसले;
मोबाईलवाल्याचं भलं होवो,
निम्मे दिसले, निम्मे पुसले.

मागच्या वैशाखात मास्तरांना दम लागायला लागला होता. क्लॅरिनेट भिंतीवर गेलं. इतवाऱ्यातून माझ्या दुकानापर्यंत येताना ते तीन ठिकाणी टेकायचे. एक दिवस येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "औंदा माझ्याच्यानं लोह्याला जाणं व्हनार न्हाई. तर ते दोघं येऊन राहिले नांदेडला. सेठ, तो फोटू हाय का अजून?"

होता. खण बदलले, दुकान रंगवून झालं, पण पाकीट मी जपलं होतं. मी दोन प्रती काढल्या. डार्करूम आता राहिली नव्हती, म्हणून बाथरूमच्या खिडकीला कांबळं लावून, नळाच्या पाण्यात. मिशीचा केस न् केस आला.

लग्नाच्या दिवशी उत्तमराव आणि शकुंतलाबाई भाड्याच्या जीपनं मास्तरांच्या घरी आले. सोबत घरची तूरडाळ, कैऱ्या. मास्तर कोट घालून खाटेवर बसलेले. खांद्यावर भाभींच्या शालूचे काठ. भाभी तीन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. मी त्यांच्या कॅमेऱ्यानं तिघांचा एकत्र फोटो काढला. चहा झाला. मग मास्तरांनी मला खूण केली आणि मी पाकीट शकुंतलाबाईंच्या हातात दिलं.

"शकूबाई," मास्तर म्हणाले, "दत्तूसेठनं रोल जाळला नव्हता. मी खोटं बोललो. मी त्या दिवशी मांडवात बघत नव्हतो. ह्या डब्यात बघत होतो. ह्यात उजवं ते डावं दिसतं. मला वाटलं रुमालवाला. तो तुमचा मामा होता. त्यानं घाम पुसला अन् मी बाजा वाजवला. तुमी सासूचं जे आयकलं, त्ये समदं माझ्यापायी. मी..." त्यांना दम लागला आणि ते थांबले.

शकुंतलाबाई ऐकतच नव्हत्या. दोन्ही हातांत फोटो धरून त्या मिशाळ तोंडाकडे बघत होत्या. आधी ओठ हलले. मग एकदम आवाज फुटला.

"माझा मामा!"

त्यांनी फोटो उत्तमरावांपुढं धरला. "आवो, मामा हाय. माझा मामा हाय हा." मग मास्तरांकडं वळल्या आणि ज्या आवाजात त्या बोलल्या तो मला गयाबाईचाच वाटला. "मास्तर, एकबी फोटू न्हवता आमच्याकडं त्याचा. एक न्हाई. पोराला मी सांगून राहिले, मामा आसा व्हता, तसा व्हता, तर पोरगं म्हनायचं, आई, दाव ना. काय दावू? मलाच त्याचं तोंड इसरत चाललं व्हतं. अन् तुमी तीस सालं खणात ठिवला?"

"मावशी तुमच्या मामाला बोलली असती," मास्तर पुटपुटले.

"बोलली आसती तर आयकलं आसतं! तिचं काय कमी आयकलं? सहा मिंटाचं काय घिऊन बसला तुमी? माझा मामा लपिवला ना!" मग मोर्चा माझ्याकडं. "अन् तुमी? तुमीबी?"

एवढी वर्षं कमी साखरेचा चहा प्यायलो ते फुकट गेलं नाही, एवढं खरं. त्या साखरेचं कारण खोटं होतं, पण मी गुन्हेगार खराच होतो.

मास्तरांच्या फुगलेल्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. ह्या माणसाला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं, भाभी गेल्या तेव्हासुद्धा नाही. सगळी उमर त्यांनी ज्या चुकीची भीती बाळगली ती कुणाच्या लक्षातही नव्हती, आणि जे चांगुलपणानं केलं तेच चुकलं होतं. शकुंतलाबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या आणि स्वतःच्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं, एखाद्या पोराचं पुसावं तसं, जरा जोरातच. मग म्हणाल्या, "बरं, आता ह्याच्याखाली लिवा. समद्याच्या खाली लिवता, माझ्या मामाच्याखाली बी लिवा."

अल्बमचं पहिलं पान कोरं होतं. तीस वर्षं कोरं ठेवलेलं. मी दुसरी प्रत त्यावर चिकटवली. मास्तरांनी पांढऱ्या शाईची दौत मागवली, लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेले:

मामानं पुसला कपाळाचा घाम,
बँडवाल्यानं केलं भलतंच काम.
जोशीबुवा, तुमचं घड्याळ खरं...

इथं ते अडले. टाक धरून बसून राहिले. माझ्या दाराशी बसून शेकड्यानं ओळी बदलणारा माणूस, चौथी ओळ येईना. नसीम म्हणाली, अब्बा, उद्या लिहा. तेव्हा शकुंतलाबाई फोटोवरची नजर न काढता म्हणाल्या, "पन आमचंबी लगीन निघालं बरं."

मास्तरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मी हसलो. लवकरच हसलो, पण ह्या वेळी त्यांनी मला कच्चं म्हटलं नाही. जशी ऐकली तशी ओळ उतरवून घेतली. त्या अल्बममधली दुसऱ्या कुणाची म्हणून तेवढी एकच ओळ आहे.

ऊन उतरल्यावर दोघं निघाले. शकुंतलाबाईंनी मामाचा फोटो पदराखाली छातीशी धरला होता, हात सोडवून निरोपसुद्धा घेतला नाही. मास्तर दारातल्या पायरीपर्यंत आले, चौकटीला धरून उभे राहिले. तेवढं चालल्यानंसुद्धा त्यांना घाम फुटला होता. जीप सुरू झाली आणि त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून कपाळाला लावला.

जीपच्या खिडकीत उत्तमराव बसले होते. जन्मभर मान हलवून बोललेला माणूस. त्यांनी तो रुमाल पाहिला. दोन्ही मुठी तोंडापुढं एकीपुढं एक धरल्या, गाल फुगवले आणि भर रस्त्यात बँडचा मोठा आवाज काढला, पार गल्लीच्या टोकापर्यंत. मास्तर पायरीवर उभे होते, रुमाल कपाळावर तसाच, आणि हसत होते.